ता

हॅलिफॅक्सच्या इस्पितळात, बॉयलरच्या भिंतीला लागून
आमची शिवणखोली होती.
फाटक्या चादरी, सर्जनचे झगे, उशांचे अभ्रे
आणि आम्ही सहाजणी.
पैसे नगावर. दुरुस्त केलेल्या प्रत्येक कापडाला
आपल्या आकड्याची चिठ्ठी टाचायची.
माझा आकडा सतरा.

समोरच्या मशीनवर डोरीन हॉल्डसवर्थ.
वर्षभर ती माझ्याशी धड बोललीच नाही,
फक्त माझं काम उलटं करून बघायची.
सुलटी बाजू काय, कुणीही बघतं.
टाक्यांवरून अंगठा फिरवायची,
कुठे गाठ लागली की उसवून
परत माझ्या मांडीवर.
मनातल्या मनात मी तिला काय काय म्हणाले
ते इथे लिहीत नाही.

कात्री पुढे केली की म्हणायची, "ता."
यॉर्कशरात आभार एका अक्षरात उरकतात.
मला वाटायचं, काय कंजूष बाई,
शब्दसुद्धा अख्खा देत नाही.
आणि आमच्याकडे तरी काय,
आईनं पान वाढलं, बहिणीनं वेणी घातली,
कोण कुणाला धन्यवाद म्हणालं?
म्हटलं असतं तर आई विचारती,
बरं नाही का वाटत तुला?

एकोणऐंशीच्या फेब्रुवारीत, बर्फात,
पाचव्या महिन्यात माझं मूल गेलं.
तीन आठवडे मी भिंतीकडे तोंड करून.
पगाराचं पाकीट मात्र दर शुक्रवारी
दाराच्या फटीतून आत पडायचं, पुरतं.
मला वाटलं, इस्पितळाचा नियम असेल.
कितीतरी वर्षं मी त्या नियमाला
दुवा देत होते.

पिकल्ससाहेब निवृत्त झाले
(नाव पिकल्स, आणि माणूसही मुरलेला),
त्या संध्याकाळी दुसरा पेला हातात घेऊन म्हणाले,
"त्या तीन आठवड्यांत सतरा नंबरच्या चादरी
कधी नव्हे इतक्या सरळ शिवलेल्या होत्या."
आणि केक घ्यायला गेले.

मी डोरीनकडे पाहिलं.
ती सँडविचमधली काकडी काढून
बशीच्या कडेला लावत होती.
मी विचारलं नाही. तिनं सांगितलं नाही.
दुसऱ्या दिवशी तिच्यासाठी एक डबा जास्त नेला.
नाक मुरडून तिनं सगळा संपवला,
आणि धुऊन परत केला तेव्हा
आत पांढऱ्या दोऱ्याचं एक रीळ होतं.
रिकामं भांडं परत धाडू नये
हे तिला कुणी शिकवलं?

आता ती टेकडीवरच्या वृद्धाश्रमात.
शब्द एकेक करून गेले,
आधी माणसांची नावं, मग वार, मग स्वतःचं नाव.
मी गुरुवारी दोन बस बदलून जाते.
मऊ भात, ताक, मीठ.
जिरं नाही, घशात अडकतं.
चमचा पुढे केला की ती म्हणते, "ता."

त म्हणता ताकभात ओळखावा म्हणतात.
माझं उलटंच झालं,
ताकभात भरवता भरवता त कळला,
तोवर चाळीस वर्षं गेली.

तिथली मदतनीस चिपो हसून सांगते,
"सगळ्यांना म्हणते ती, पडद्यालासुद्धा."
म्हणू दे.
पडद्यानंही काही केलं असेल.

परवा तिच्या चादरीचा काठ उसवलेला दिसला.
पिशवीत सुई असतेच माझ्या.
बसल्या बसल्या चार बोटं शिवून काढली.
तिनं तो कोपरा ओढून घेतला,
उलटा केला,
अंगठा फिरवला.
एका जागी थांबला अंगठा.
मग थरथरत्या नखानं
ती उसवायला लागली.

मी खिडकीकडे वळले
आणि सुईत पुन्हा दोरा ओवला.